एका फोनच्या नेटवर पाच मशीन: शेअरिंग लावायचं कसं आणि वेग मुरतो कुठे

जून लागला की आमच्या वाचनालयातल्या कॉम्प्युटरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसते. अकरावीचे प्रवेश, शिष्यवृत्तीचे अर्ज, दाखले, मधेच कुणाला सातबारा हवा असतो. मशीन पाच आणि नेट, गेल्या वर्षीपर्यंत, एका फोनचं. आम्ही पाटण तालुक्यात, डोंगराच्या अंगाला. वायरचं नेट आमच्या वाडीपर्यंत अजून पोचलेलं नाही. पहिल्या वर्षी आम्ही उत्साहानं पाचही मशीनना नेट दिलं आणि दुपारपर्यंत एकही अर्ज पूर्ण झाला नाही. एका मुलीचा फोटो चढता चढता तीनदा सेशन संपलं. चौथ्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण शेवटची तारीख दुसऱ्याच दिवशी होती.

नेट वाटून देणं सोपं आहे, दहा मिनिटांचं काम. वाटल्यावर वेगाचं काय होतं हे समजून घेणं महत्त्वाचं, आणि ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. गावातलं वाचनालय, छोटी शाळा, टायपिंगचा क्लास किंवा घरातली दोन-तीन मशीन, असं काही तुम्ही एका कनेक्शनवर चालवणार असाल तर हे सगळं वाचून मगच सुरुवात करा.

आधी हे समजून घ्या

मी २००३ साली कॉम्प्युटर शिकलो तेव्हा क्लासमध्ये विंडोज ९८ सेकंड एडिशनवर एक मॉडेम (फोनच्या वायरवरून नंबर लावून, म्हणजे डायल-अपनं, नेट आणणारा डबा) होता आणि त्यावरून तीन मशीन चालायची. एका मशीननं फोन लावायचा आणि बाकीच्यांनी त्याच्यातून नेट घ्यायचं, ही सोय विंडोजमध्ये याच आवृत्तीपासून, म्हणजे १९९९ पासून आली. मॉडेमवर ५६ के लिहिलेलं असायचं, पण कनेक्ट झाल्यावर कोपऱ्यात ४४,००० किंवा त्याच्या आसपासचा आकडा दिसायचा. ४४ हजार बिट म्हणजे सेकंदाला साडेपाच किलोबाइट. एक एमबीची फाइल एकट्यानं घेतली तरी तीन मिनिटं. तिघांनी एकदम घेतली की नऊ.

तुम्ही म्हणाल, ते दिवस गेले. पूर्ण गेलेले नाहीत. आज बऱ्याच प्रीपेड प्लॅनमध्ये दिवसाचा दीड किंवा दोन जीबी डेटा संपला की नेट बंद होत नाही, वेग ६४ केबीपीएसवर येतो. म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट. २०० केबीचा फोटो एकट्या मशीनवरून चढवायला निदान २५ सेकंद लागतात. पाचांनी एकदम चढवला तर दोन मिनिटांच्या वर. दुपारी दोन वाजता तुमचा कोटा संपला, की खोलीतली पाचही मशीन पुन्हा डायल-अपच्या काळात जाऊन बसतात.

इथे बिट आणि बाइटचा घोळ कायमचा मिटवून टाका. कंपनी वेग बिटमध्ये सांगते, फाइलचा आकार बाइटमध्ये असतो. कंपनीच्या आकड्याला ८ नं भागायचं, मग खरा हिशेब हाती लागतो.

ज्यांनी पाटाचं पाणी पाजलंय त्यांना पुढचं लगेच कळेल. पाट एकच आहे, वाफे पाच आहेत. सगळी दारं एकदम उघडली तर शेवटच्या वाफ्याला ओल तेवढी पोचते. पण नेटमध्ये एक फरक आहे: वाटणी मशीनप्रमाणे होत नाही, जोडण्यांप्रमाणे होते. जोडणी म्हणजे पान किंवा फाइल आणायला मशीन नेटवर उघडतं ती एकेक वाट. एखाद्या मशीनवर डाउनलोड मॅनेजर एका फाइलसाठी आठ जोडण्या उघडून बसला आणि शेजारच्या मशीनवर एकच पान उघडतंय, तर नऊ वाट्यांपैकी साधारण आठ वाटे पहिलं मशीन घेऊन जातं. विंडोजचं शेअरिंग यात कुणाची बाजू घेत नाही. ते फक्त वाट करून देतं.

उलट बाजूही आहे. चार जण पान वाचत बसले असतील तर ते नेट वापरतच नसतात, आणि पाचव्याला जवळजवळ पूर्ण वेग मिळतो. म्हणून पाच मशीन म्हणजे कायम पाचवा हिस्सा, असं नसतं.

वेग कमी झाला की सगळे ज्या मशीनवर शेअरिंग लावलंय त्याला दोष देतात. ते बिचारं बहुतेक वेळा निर्दोष असतं. साध्या लॅन केबलमधून (खोलीतली मशीन एकमेकांना जोडणारी वायर) सेकंदाला १०० मेगाबिट जाऊ शकतात. फोनमधून येणारे पाच-दहा मेगाबिट पुढे ढकलायला दहा वर्षं जुनं मशीनही पुरतं. एक अपवाद आहे, तो पायरी २ मध्ये सांगतो.

काय काय लागेल

- चांगली रेंज असलेला ४जी किंवा ५जी फोन. शक्यतो या कामापुरताच ठेवलेला.
- डेटा नेणारी यूएसबी केबल. काही स्वस्त केबल फक्त चार्जिंगच्या असतात. त्यांनी फोन चार्ज होतो पण नेट येत नाही.
- विंडोज १० किंवा ११ असलेलं एक मशीन, ज्याला लॅनचं पोर्ट आहे. याला पुढे मी मुख्य मशीन म्हणेन. लॅपटॉप असेल तर उत्तम, लाइट गेली तरी बॅटरीवर चालतो.
- मशीनच्या संख्येपेक्षा थोडी जास्त पोर्ट असलेला साधा नेटवर्क स्विच, म्हणजे सगळ्या लॅन केबल एकत्र जोडणारा डबा. आठ पोर्टचा घ्या. तो साधारण हजार-दीड हजारात येतो.
- तेवढ्या लॅन केबल.
- ज्याच्या नावावर सिम आहे त्याची ओळखपत्राची प्रत आणि संस्थेच्या फाइलमध्ये एक साधं पत्र, की हे सिम संस्थेच्या कामासाठी वापरलं जातंय.
- एक रजिस्टर. पैसे घेऊन लोकांना नेट देत असाल तर २०११ च्या सायबर कॅफे नियमांप्रमाणे वापरणाऱ्याची ओळख तपासून नोंद ठेवावी लागते आणि ती किमान एक वर्ष जपावी लागते. फुकट देत असलात तरी रजिस्टर ठेवाच. सिम ज्याच्या नावावर, पोलीस पहिल्यांदा त्यालाच विचारणार.

जुना ३जी डोंगल कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. तोही आतून डायल-अपच आहे, *९९# डायल करतो. पण बहुतेक कंपन्यांनी ३जी बंद केल्यामुळे त्याचा आता उपयोग नाही.

पायरी १: वाटण्याआधी मोजा

फोन घ्या आणि खोलीत फिरा. प्रत्येक खिडकीपाशी, दारापाशी, माळ्यावर वेग मोजा. ट्रायचं (सरकारची दूरसंचार नियामक संस्था) मायस्पीड ॲप आहे, किंवा कुठलंही चालेल. सकाळी दहा, दुपारी दोन आणि संध्याकाळी सात, अशा तीन वेळा घ्या, कारण संध्याकाळी टॉवरवर गर्दी असते आणि आकडा निम्म्यावर येऊ शकतो. डाउनलोडइतकाच अपलोडचा आकडाही लिहून ठेवा. लोक तो पाहतच नाहीत, आणि अर्ज भरताना खरी अडचण तिथेच असते.

आमच्याकडे पूर्वेच्या खिडकीत सगळ्यात चांगली रेंज होती. फोन तिथे ठेवला. अकरा वाजता वेग एकदम पडला. हात लावून पाहिलं तर फोन भाकरीच्या तव्यासारखा तापलेला. फोन तापला की तो स्वतःच काम कमी करतो, कधी हॉटस्पॉट बंद करून टाकतो. आता तिथे जुन्या पुठ्ठ्याचा आडोसा आहे, फोनचं कव्हर काढलेलं असतं आणि तो उभा ठेवलेला असतो, म्हणजे मागून वारा लागतो. इतक्यानं दुपारचा अर्धा त्रास गेला.

पायरी २: फोन मुख्य मशीनला केबलनं जोडा

हाच तो अपवाद. पुष्कळ जण फोनचा वायफाय हॉटस्पॉट चालू करतात, लॅपटॉप त्याला जोडतात आणि त्याच लॅपटॉपवरून विंडोजचा मोबाइल हॉटस्पॉट लावून बाकीच्यांना नेट देतात. चालतं. पण लॅपटॉपमधलं वायफाय कार्ड एकच असतं. आलेली प्रत्येक गोष्ट त्यानं हवेतून घ्यायची आणि हवेतूनच पुढे द्यायची, म्हणजे एका कामाचं दुप्पट काम. वायफायचा वेग त्यात साधारण निम्मा होतो. फोनची रेंज कमी असेल तर जाणवणार नाही, चांगली असेल तर मात्र हातचा वेग वाया जातो. शिवाय भिंतीपलीकडच्या मशीनला सिग्नल कमी पडला की ते अडखळतं आणि सगळ्यांचा वेळ खातं.

म्हणून फोन केबलनं जोडा. फोनच्या सेटिंग्जमध्ये हॉटस्पॉट आणि टेदरिंग उघडा, यूएसबी टेदरिंग चालू करा. मुख्य मशीनला ते लॅनसारखंच एक नवीन कनेक्शन दिसेल, नावात बहुधा रिमोट एनडीआयएस असं असेल.

केबल काढून परत लावली की टेदरिंग आपोआप बंद होतं, दर वेळी चालू करावं लागतं. यावर उपाय: फोनचे डेव्हलपर ऑप्शन्स उघडा आणि डीफॉल्ट यूएसबी कॉन्फिगरेशनमध्ये यूएसबी टेदरिंग निवडा. आणि केबल नेहमी त्याच यूएसबी पोर्टमध्ये लावा. पोर्ट बदललं तर विंडोज त्याला नवीनच कनेक्शन समजू शकतं आणि पुढची पायरी पुन्हा करावी लागते. आम्ही त्या पोर्टवर नेलपेंटचा लाल ठिपका लावलाय.

पायरी ३: मुख्य मशीनवर शेअरिंग लावा

विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, आलेल्या चौकटीत ncpa.cpl टाइप करा. सगळी कनेक्शन दिसतील. आता सावकाश, कारण चूक इथेच होते.

फोनच्या कनेक्शनवर राइट क्लिक करा. लॅनच्या नाही, फोनच्या. प्रॉपर्टीज उघडा, शेअरिंगचा टॅब निवडा. पहिल्या चौकोनात टिक करा, इतरांना या मशीनमधून नेट घेऊ द्या अशा अर्थाचं वाक्य तिथे आहे. खाली होम नेटवर्किंग कनेक्शन विचारलं तर तिथे लॅनचं कनेक्शन निवडा. थोडक्यात, पाणी जिथून येतं त्यावर टिक आणि जिथे जायचं ते खाली.

लॅनला आता १९२.१६८.१३७.१ हा पत्ता (नेटवर्कवर मशीन ओळखायचा आकडा) मिळेल, अशी सूचना येईल. येस म्हणा.

पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन मुख्य मशीनची झोप बंद करा. ते झोपलं की पाचही मशीनचं नेट गेलं. आणि या मशीनवर बसणाऱ्याला सांगून ठेवा की काम झालं की उठायचं, शटडाउन करायचं नाही. आम्ही तशी चिठ्ठी स्क्रीनच्या खाली चिकटवली आहे.

पायरी ४: बाकीची मशीन जोडा

मुख्य मशीनची केबल स्विचला, बाकीच्यांच्या केबलही स्विचला. बाकीच्या मशीनवर काहीही भरायचं नाही; पत्ता आपोआप मिळू द्या. कमांड प्रॉम्प्टमध्ये (विंडोजची आज्ञा टाइप करायची काळी खिडकी) आयपीकॉन्फिग (ipconfig) चालवून बघा. पत्ता १९२.१६८.१३७ नं सुरू होत असेल तर झालं. १६९.२५४ नं सुरू होत असेल तर त्या मशीनला पत्ता मिळालेलाच नाही. केबल नीट बसली आहे का पाहा.

स्विचऐवजी घरातला जुना वायफाय राऊटर वापरणार असाल तर दोन गोष्टी केल्याशिवाय पुढे जाऊ नका. राऊटरच्या सेटिंगमध्ये डीएचसीपी (मशीनना पत्ते वाटायची सोय) बंद करा आणि मुख्य मशीनची केबल लॅनच्या पोर्टमध्ये लावा, वॅनच्या (बाहेरून नेट घ्यायच्या) नाही. नाहीतर मशीनना पत्ते वाटायला दोघं बसतात, मुख्य मशीन आणि राऊटर. ज्याला राऊटरचा पत्ता मिळाला त्याचं नेट बंद, ज्याला मुख्य मशीनचा मिळाला त्याचं चालू, आणि दुसऱ्या दिवशी उलट. या एका गोष्टीनं आमचे तीन दिवस खाल्ले, आणि दुरुस्तीला आलेल्या माणसानं दोन चांगल्या केबल बदलल्या.

पायरी ५: न विचारता नेट खाणारे शोधा

सगळं लागलं, चालू झालं. आता खरं काम.

प्रत्येक मशीनवर नेटवर्क सेटिंगमध्ये जाऊन ते कनेक्शन मीटर्ड (मोजून वापरायचं) करा. म्हणजे विंडोजचे बहुतेक अपडेट आपणहून उतरणार नाहीत. पुष्कळ जण हे फक्त मुख्य मशीनवर करतात आणि निर्धास्त होतात. ते पुढे पोचत नाही. बाकीच्या चार मशीनना आपल्याला मोठं, बिनमोजणीचं लॅन मिळालंय असंच वाटत असतं आणि ती मजेत अपडेट उतरवतात. पाचही ठिकाणी जाऊन करा.

अपडेट कायमचे बंद ठेवू नका, ते सुरक्षेचं आहे. महिन्यातून एक दिवस ठरवा, खोली बंद व्हायच्या वेळचा. त्या दिवशी मीटर्ड काढा, अपडेटच्या सेटिंगमधलं डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन उघडून स्थानिक नेटवर्कवरच्या मशीनकडून घ्या हा पर्याय चालू करा आणि आधी एकाच मशीनला अपडेट होऊ द्या. मग बाकीची जमेल तेवढा भाग त्याच्याकडून केबलनं घेतात, फोनचा डेटा वाचतो.

वनड्राइव्ह (फाइल आपोआप नेटवर चढवणारा विंडोजचा प्रोग्राम) थांबवा. ब्राउझरमध्ये व्हिडिओ आपोआप सुरू होणं बंद करा. आणि राऊटरवरून वायफाय दिलं असेल तर त्याचा पासवर्ड लोकांच्या फोनना देऊ नका. फोनला वायफाय दिसलं की त्याला ते फुकटचं वाटतं आणि लग्नातले चारशे फोटो बॅकअपला लागतात.

पायरी ६: अपलोड सांभाळा

आमच्या त्या मुलीचा फोटो का चढत नव्हता, ते इथे आहे.

तुम्ही काही डाउनलोड करता तेव्हा तुमचं मशीन पलीकडच्याला सतत पोच देत असतं: हा तुकडा मिळाला, पुढचा पाठव. ही पोच अपलोडच्या वाटेनं जाते. कुणीतरी मोठा व्हिडिओ पाठवायला घेतला, की ती अरुंद वाट भरते, फोनपाशी रांग लागते आणि सगळ्यांची पोच त्या रांगेत अडकते. पोच मिळाली नाही म्हणून पलीकडचा पुढचा तुकडा पाठवायला थांबतो. म्हणजे अपलोड एकाचा आणि डाउनलोड पाचांचं अडतं.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर मुख्य मशीनवर कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि ping -t 8.8.8.8 (पिंग) असं टाइप करून चालू ठेवा. दर सेकंदाला एक ओळ येते, शेवटी मिलिसेकंदांचा आकडा. आमच्याकडे शांत वेळी तो ४०-५० च्या आसपास असतो. कुणी व्हिडिओ पाठवायला घेतला की १२०० च्या पुढे जातो. ही खिडकी आम्ही दिवसभर कोपऱ्यात उघडी ठेवतो. आकडे वाढले की उठून विचारायचं, कोण काय चढवतंय. अर्ध्या मिनिटात सापडतं.

उपाय साधे आहेत. फोटो आणि सही स्कॅन करताच लहान करा. ज्या अर्जाला ५० केबी लागतं त्याला ४ एमबीचा फोटो चढवायचा प्रयत्नच होऊ देऊ नका. आम्ही एका मशीनचं नेट काढून ते फक्त स्कॅन करणं आणि आकार कमी करणं यासाठी ठेवलंय. तिथे फाइल तयार करायची, स्विचवरूनच दुसऱ्या मशीनला द्यायची आणि मग चढवायची. आपल्या आपल्यात फाइल पाठवायला फोनचा डेटा लागत नाही.

पायरी ७: पाळी लावा

अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही पाण्यासारखी पाळी लावतो. सगळे जण अर्ज भरत बसलेले चालतात, कारण टाइप करताना नेट जवळजवळ लागत नाही. पण फाइल चढवायची वेळ आली की हात वर करायचा. एका वेळी दोघंच चढवतील. रजिस्टरमध्ये शेवटी एक रकाना आहे, त्यात कितीला सुरू केलं ते लिहायचं. मुलं हे पटकन शिकतात.

कोट्यावरही लक्ष ठेवा. काही फोनच्या सेटिंगमध्ये दिवसाच्या डेटाचा इशारा लावता येतो; दिवसाचा दोन जीबी असेल तर दीडवर लावा. इशारा आला की त्या दिवसापुरते व्हिडिओ पूर्ण बंद. जास्तीच्या डेटाचं व्हाउचर मारायचं की नाही हे तेव्हा ठरवा, ६४ वर पडल्यावर नाही. कारण पडल्यावर रिचार्जचं पानसुद्धा उघडायला वेळ लागतो.

दोन फोन दोन पोर्टमध्ये लावले तर वेग दुप्पट होईल, ही आशा सोडा. विंडोज त्यातला एकच निवडतं, दुसरा नुसता बसून राहतो. डायल-अपमध्ये दोन मॉडेम जोडून एक वाट करता यायची, पण त्यालाही पलीकडच्या कंपनीची साथ लागायची. दोन फोन असतील तर सरळ दोन मुख्य मशीन करा, स्विचही वेगवेगळे, आणि तीन-दोन अशी मशीन वाटून घ्या. हे आम्ही गेल्या वर्षीपासून करतोय आणि हाच बदल सगळ्यात उपयोगी ठरला.

पायरी ८: नेट गेलं तर या क्रमानं बघा

१. मुख्य मशीनवर पान उघडतंय का? नसेल तर दोष फोनचा किंवा रेंजचा. टेदरिंग चालू आहे ना ते बघा, फोन हातात घेऊन गरम आहे का बघा, विमान मोड चालू करून बंद करा.

२. मुख्य मशीनवर चालतंय पण बाकी कुठेच नाही? तर शेअरिंगची टिक काढा, ओके करा, परत टिक करा, ओके करा. मशीन रीस्टार्ट झाल्यावर टिक दिसते पण शेअरिंग चालत नाही, हे विंडोज १० आणि ११ वर वारंवार होतं. आमच्याकडे लाइट गेली की हे ठरलेलं.

३. तरीही नाही? बाहेरून घेतलेला अँटिव्हायरस असेल तर त्याची फायरवॉल दोन मिनिटं थांबवून बघा. चालू झालं तर त्यातच लॅनला विश्वासू नेटवर्क म्हणून नोंदवा आणि फायरवॉल पुन्हा चालू करा.

४. एकाच मशीनवर नाही? आयपीकॉन्फिग, पायरी ४.

५. सगळीकडे चालू आहे पण फार हळू? पिंगची खिडकी बघा. आकडे मोठे असतील तर कुणीतरी काहीतरी चढवतंय. आकडे बरे असतील आणि तरी पान उघडत नसेल तर कोटा बघा. आणि दोन्ही ठीक असेल तर बहुधा त्या सरकारी साइटवरच गर्दी आहे. तेव्हा मशीनची छेडछाड करू नका. मुलांना सांगा की सकाळी सहाला या. आम्ही शेवटच्या तीन दिवसांत साडेपाचला कुलूप काढतो. त्या वेळी टॉवर मोकळा असतो, साइट मोकळी असते आणि दिवसाचा कोटाही नवा सुरू झालेला असतो.